एल ग्वायाबोची सूनबाई

“मेणबत्ती विझली का?” ओदीलियानं विचारलं.

“नाही.”

“मग हवा आहे. चल आत.”

“थांब ना. अजून थोडी पुढे सरकव.”

काठीच्या टोकाला बांधलेली मेणबत्ती तिनं भुयारात आणखी आत ढकलली. ज्योत शांतपणे तेवत राहिली. माझी पंचाईत झाली. ती विझली असती तर मला तोंड वर करून बाहेर बसता आलं असतं.

“बसुधा,” ओदीलिया म्हणाली, “तुझ्या मेणबत्तीपायी दुपार होईल. मला हे भुयार आज बुजवायचंय.”

माझं नाव वसुधा खांबेटे. स्पॅनिश बोलणाऱ्यांना ‘व’ म्हणता येत नाही, म्हणून ग्वातेमालाच्या जंगलात मी बसुधा झाले होते. आणि मेणबत्तीचं वेड मी सांगलीजवळच्या हरिपूरहून नेलं होतं. आमची हळदीची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेली खोल कोठी. आतून कडबा आणि चटया लावायच्या, हळद भरायची आणि तोंडावर माती लिंपून टाकायची. हळद वर्षानुवर्षं टिकते, पण आतली हवा माणसाला टिकू देत नाही. म्हणून पेव उघडलं की आधी कंदील खाली सोडायचा. तो विझला तर कुणी उतरायचं नाही. मी लहान असताना आमच्याकडचा शिदू नावाचा गडी कंदील न सोडता उतरला. त्याला दोरानं वर काढताना मी पाहिलं. तेव्हापासून बंद जागा म्हटली की मी बाहेरच थांबते. मी लिफ्टमध्येसुद्धा बसत नाही.

असली भागूबाई भुयारं खणणाऱ्यांच्या टोळीत कशी गेली, हा प्रश्न माझ्या आईनंही विचारला होता. शिलालेखांची रेखाटनं करणं हे माझं काम. लेण्यांतल्या झिजलेल्या अक्षरांवर तिरका प्रकाश टाकायचा आणि दिसेल तेवढीच रेघ कागदावर उतरवायची, पदरचं काही घालायचं नाही. दिल्लीच्या एका परिषदेत ओदीलिया काआल भेटली. माझी रेखाटनं पाहून म्हणाली, “आमच्याकडे ये. आमच्या अक्षरांना नाकडोळे असतात.” खरंच असतात. माया लोकांच्या लिपीत अक्षराअक्षराला चेहरा आहे. मी भुलले आणि गेले. भुयारात उतरायचं नाही या अटीवर गेले होते.

ओदीलिया स्वतः माया, केकची भाषा बोलणारी. बुटकी, रुंद बांध्याची आणि भलतीच तोंडाळ. उत्खननाची प्रमुख तीच. तिचं नाक कपाळापासून सरळ खाली उतरायचं, जुन्या शिळांवरच्या राजेलोकांसारखं. त्याचा तिला कोण अभिमान! सापडेल त्या कोरीव दगडाशेजारी ती मान वळवून बाजूनं उभी राहायची आणि म्हणायची, “पाहा, तेराशे वर्षांत काही फरक पडला?” मुकादम दोन लिसांद्रो भक्तिभावानं मान हलवायचा. ‘दोन’ म्हणजे तिकडचं ‘राव’.

आम्ही खणत होतो ती जागा एल ग्वायाबो. ग्वायाबो म्हणजे पेरूचं झाड. पेरू औषधाला नव्हता, नुसतं जंगल आणि त्यात मातीनं झाकलेली देवळं. तिथले राजे जुनं देऊळ पाडत नसत. त्याच्यावरच नवं, मोठं देऊळ चढवत. त्यामुळे आतलं पाहायचं तर नव्या देवळाच्या पोटात भुयार खणावं लागतं आणि हंगाम संपला की तेच दगड, तीच माती लावून ते बुजवावं लागतं. नाहीतर वरचं देऊळ खचतं.

या भुयाराच्या टोकाला, जुन्या देवळाच्या भिंतीमागे, एक कोनाडा सापडला होता. तोंड दगडमातीनं बंद केलेलं, ते आम्ही उघडलं. आत पुरुषभर लांबीची कोरीव शिळा पालथी पडलेली. चेहरा जमिनीकडे, पाठ वर. कडेची अक्षरं तेवढी दिसत होती आणि ती उतरवायला माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. माझी अट अशी मोडली. मी गेले काही दिवस रामरक्षा म्हणत आत जात होते.

ती शिळा होती एका राणीची.

त्या काळी त्या मुलखात दोन बलाढ्य राज्यं होती. उत्तरेला सर्पराज्य, दक्षिणेला तिकाल. मधल्या लहान राज्यांची गत इकडे आड तिकडे विहीर. एल ग्वायाबो सर्पराज्याचं मांडलिक होतं, आणि मांडलिकाला बांधून ठेवायचा सर्पराज्याचा जुना मार्ग म्हणजे सोयरीक. आपली मुलगी द्यायची. ती सून म्हणून यायची आणि सासरी माहेरचं राज्य चालवायची. कडेच्या अक्षरांत तेच होतं. सर्पराज्याची मुलगी अमुक दिवशी इथे आली. तिचं नाव वाचता येत नव्हतं, म्हणून मी तिला सूनबाई म्हणत असे. हळूहळू ओदीलियाही तेच म्हणू लागली.

पुढे तिकालनं सर्पराज्याचा पराभव केला. मग या सूनबाईचं काय झालं? यावरून आमचं रोज वाजायचं.

“काय व्हायचं?” मी म्हणायचे. “वारं फिरलं तशी यांनी टोपी फिरवली. कालपर्यंत जिच्यापुढे वाकले तिला उचलली, पालथी घातली, वर भिंत घातली. तिकालच्या राजाला निरोप धाडला, आम्ही तुमचेच.”

“तू पाहिलंस?”

“तोंड मातीत घालून ठेवलीय बाईला. याला मान देणं म्हणतात का?”

“उचलल्याशिवाय मी काही बोलणार नाही,” ओदीलिया म्हणायची. “खालच्या बाजूला हात लावायचा नाही. कप्पी येऊ दे.”

कोनाड्याच्या तोंडावरच्या भिंतीच्या मातीत बांधणाऱ्यांच्या बोटांचे ठसे उमटलेले होते. कुणीतरी घाईघाईत लिंपलं होतं. मी म्हणे, पाहा, बला टाळायची केवढी घाई! ओदीलिया म्हणे, घाई पुष्कळ प्रकारची असते. तिच्या आवाजात तेव्हा थट्टा नसायची. तिच्याच लोकांनी, वारं फिरल्याबरोबर, घरच्या सुनेला असं वागवलं असेल हे तिला मनातून नको होतं, हे मला कळत होतं. मी मात्र कुणावर चटकन विश्वास टाकणारी बाई नव्हे. भित्र्या माणसाला ते परवडत नाही.

त्या दिवशी सकाळी मेणबत्तीच्या मागोमाग आत गेले, तर भुयाराच्या वळणावर मला दगडांचा नवा ढीग दिसला. शेजारी घमेल्यात कालवलेली ओली माती.

“हे कशाला?”

“सांगितलं ना, बुजवायचंय. तुझी कड उतरवून झाली की कोनाडा बंद.”

“पण कप्पी यायची आहे ना?”

“नंतर उघडू.” तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

आदल्या दिवशी छावणीत एक माणूस आला होता. एवढ्या चिखलात स्वच्छ बूट, पांढरी गाडी आणि खोकला असा की बोलताना मध्येच छातीत शिट्टी वाजे. ओदीलिया त्याच्याशी केकचीत बोलत बसली होती. तिनं त्याला कॉफी दिली, दोघं हसली. कोण म्हणून विचारलं तर म्हणाली, “लांबचा चुलतभाऊ.” त्या देशातलं यादवी युद्ध संपून फार दिवस झाले नव्हते. बंदुका घरोघरी उरल्या होत्या आणि त्यातल्या कित्येक आता जंगलातल्या देवळांकडे वळल्या होत्या. चोर मोटारीची करवत आणत, शिळेचा कोरलेला चेहरा पापुद्र्यासारखा कापून काढत आणि खेचरावर लादून सरहद्दीपार नेत. मध्ये येणाऱ्याला गोळी घालत. चुलतभावाचे बूट मला आवडले नव्हते.

बाकीचे मजूर गावच्या जत्रेला गेले होते. छावणीत आम्ही तिघंच.

मी कोनाड्यात शिरले. तिथे उभं राहता येत नसे. शिळेच्या कडेला मांडी घालून बसायचं, विजेरी तिरकी धरायची, गुडघ्यावर फळी आणि फळीवर कागद. अर्धं अक्षर झालं असेल नसेल, तोच भुयाराच्या तोंडाकडून लिसांद्रोची हाक आली. हाक कसली, कुत्र्यावर पाय पडावा तसा आवाज. पाठोपाठ तो स्वतःच रांगत आला.

“आले,” तो म्हणाला. “चौघं. खेचरं आहेत. करवत आहे.”

ओदीलियाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. “संध्याकाळपर्यंत येणार नाहीत म्हणाला होता.”

कोण म्हणाला होता? मी विचारलंसुद्धा, पण तिला ऐकू गेलं नसावं. मी कागद गोळा करून बाहेर पडू लागले. तिनं माझ्या खांद्याला धरून मला मागे ढकललं.

“तू आतच बस.”

“काय?”

“भुयाराचं तोंड छावणीसमोर उघडं आहे. बाहेर पडलीस की दिसशील. परकी बाई हाती लागली तर ते शिळा सोडतील आणि तुला नेतील. लिसांद्रो, दगड!”

“ओदीलिया, मी इथे नाही बसणार. मला बाहेर—”

“ओरडू नकोस. मी बाहेरून लावते, तू आतून फटी लिंप. दिवा विझव. काही झालं तरी आवाज काढायचा नाही. मी येते.”

“आणि नाही आलीस तर?”

दगड येत गेले. लिसांद्रो लावत होता, ती माती थापत होती. बाहेरचा उजेड परातीएवढा राहिला, मग वाटीएवढा. तिनं ओल्या मातीचा गोळा आत सारला आणि मी, पेवाचं नाव काढलं तरी घाम फुटणारी मी, स्वतःच्या बोटांनी स्वतःला आत लिंपून घेऊ लागले. शेवटची फट बुजली. मी विजेरी बंद केली.

अंधार. त्या अंधाराबद्दल मला आजही नीट बोलता येत नाही. डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे बोट लावून पाहावं लागलं. मी नाकानं थोडी थोडी हवा घेत होते, जणू हवा मोजून मिळाली होती. मनात सारखा शिदू येत होता. दोराला लोंबकळणारे त्याचे पाय.

किती वेळ गेला कोण जाणे. मग आवाज आले.

आधी बूट, मग माणसांची बोलणी, आणि त्यात ओदीलियाचा आवाज. ती हसत होती. केकचीत काहीतरी सांगत होती आणि खदखदून हसत होती. तिच्या हसण्याला दुसरा एक जण हसला आणि हसताहसता खोकला. छातीत शिट्टी वाजली.

चुलतभाऊ!

केकचीतलं मला अक्षर कळत नव्हतं, पण हसणं काय, कुठल्याही भाषेत कळतं. ती त्यांना घेऊन भुयारात आली होती. स्वतः दिवा धरून आली असावी. वळणापुढे दुसरी एक आंधळी वाट होती, त्यात ते शिरले आणि परतले. बोलणं पुन्हा जवळ आलं. कुणीतरी माझ्या भिंतीला पाठ टेकली. कपडा दगडाला घासल्याचा आवाज मला ऐकू आला. त्याच्या आणि माझ्या मध्ये वीतभर दगडमाती होती.

मग डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली. काल पाजलेली कॉफी. सकाळी तयार ठेवलेले दगड, आधीच कालवून ठेवलेली माती. संध्याकाळपर्यंत येणार नाहीत म्हणाला होता. म्हणजे येणार हे तिला ठाऊक होतं. हे सगळं ठरलेलं होतं आणि मी मध्ये कडमडले होते. आता सौदा होईल, चोर सवडीनं येतील, भिंत उघडतील आणि आत एक शिळा आणि एक शिदू सापडेल. कोण विचारणार? हरिपूरला पत्र जाईल, अपघात झाला.

ओरडावं. मी ठरवलं. ओरडले तर निदान जिवंत बाहेर काढतील, पुढचं पुढे. मी ओरडायला श्वास भरला आणि आधार म्हणून शिळेची खालची कड घट्ट धरली. तिथे चेपून बसवलेला एक दगड निखळून हातात आला आणि माझा हात कोपरापर्यंत शिळेखाली गेला.

मी गारठले. त्या जंगलात पिवळ्या हनुवटीचा एक साप आहे, तो अशाच फटीत बसतो. मी हात मागे घेणार होते, पण हाताला जे लागलं होतं ते साप नव्हतं. ते नाक होतं.

खालून, पालथ्या दगडावर, एका बाईचं नाक. सरळ, लांब आणि धारदार. बोटं आपोआप फिरली, वर्षानुवर्षांची सवय. नाकपुड्या. त्याखाली ओठ, दोन्ही अख्खे. डोळ्याची खोबण, पापणीची कड. जिंकणाऱ्या माया राजांची कामं मी पाहिली होती. हरलेल्या राजाची शिळा हाती लागली की पहिला घाव चेहऱ्यावर. नाक उडवायचं, डोळे खणून काढायचे, म्हणजे दगडातला जीव जातो अशी त्यांची श्रद्धा. ह्या चेहऱ्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

आणि हात फिरवायला जागा होती! चेहरा मातीत रुतलेला नव्हताच. मी हात सरकवत कोपऱ्याकडे नेला. तिथे एक घडीव टेकू होता. दुसऱ्या कोपऱ्यातही होता. शिळा टेकूंवर तोलली होती, नाक जमिनीला लागू नये एवढी उंच. खाली दगडगोटे नव्हते, बारीक चाळलेली वाळू पसरली होती.

टाकून द्यायच्या वस्तूखाली कुणी गादी घालत नाही. आमच्याकडे पेवाला आतून कडबा लावत, चटया लावत, ते कुणासाठी? हळदीसाठी. जे जपायचं त्यासाठी.

बाहेर तिकालचं सैन्य येत होतं. गावानं सूनबाईला आत आणली, चेहरा खाली करून निजवली आणि घाईघाईनं भिंत लिंपून घेतली. मग बाहेर जाऊन ते लोक जिंकणाऱ्यांपुढे उभे राहिले असतील. हसलेही असतील. कोण सूनबाई, इथे कुणी नाही.

भिंतीपलीकडे ओदीलिया हसत होती.

छातीत भरलेला श्वास मी तसाच हळूहळू सोडला. त्याच क्षणी भिंतीवर पहार बसली. एकदा. मातीचं ढेकूळ माझ्या पायावर पडलं. पुन्हा एकदा, आणि दगड हलला. मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला आणि दुसऱ्या हातानं ते दगडी नाक धरून ठेवलं. ओदीलिया काहीतरी म्हणाली, अगदी कंटाळल्या सुरात, वरचं छत कोसळेल असं सांगत असावी. कुणीतरी शिवी दिली. पहार थांबली. बूट लांब गेले.

मग एक गोळी झाडल्याचा आवाज आला, लांबून, उशीत तोंड खुपसून कुणी शिंकावं तसा. आणि सगळं चिडीचूप झालं.

खरी भीती मला त्यानंतर वाटली. आधीची भीती माझ्यापुरती होती. आता वाटलं, मी इथे आहे हे ठाऊक असलेली दोनच माणसं होती, आणि गोळी कुणाला लागली? भिंत ओली होती, लाथेनं पाडता आली असती. पण पलीकडे ते बसलेले असले तर? मी पाडली नाही. डोकं जड होऊ लागलं तेव्हा न राहवून मेणबत्ती पेटवली. ज्योत बारीक आली, निळसर, आणि खाली वाकली. मी ती लगेच विझवली. तिच्या वाटची हवा तरी कशाला घालवायची. रामरक्षा आठवेना, मग नुसतं “ओदीलिया, ये, ओदीलिया, ये” एवढंच पुटपुटत राहिले.

दगड सरकला तेव्हा मी निखळलेला गोटा हातात घेऊन उगारला होता.

“दोन्या बसुधा,” लिसांद्रोचा आवाज आला. ‘दोन्या’ म्हणजे बाई. “मारू नका. आम्ही आहोत.”

हवा आत आली. मी रडत होते, हसत होते, काय करत होते मला कळत नव्हतं. पूर्ण उघडायच्या आतच मी त्या भोकाला तोंड लावून बोलत सुटले. “ओदीलिया! तिचं नाक शाबूत आहे! डोळे, ओठ, सगळं! कुणी हात लावलेला नाही. टेकूंवर ठेवलीय, खाली वाळू आहे. टाकली नाही ग, त्यांनी तिला लपवली!”

मग “खरंच?” असं कुणीतरी म्हणालं. आवाज जड होता, सर्दी झाल्यासारखा. मला वाटलं ती रडतेय.

लिसांद्रोनं आणखी दोन दगड काढले आणि दिवा वर धरला. त्याच्या मनगटांवर दोराचे वळ होते. त्याच्या मागे ओदीलिया भिंतीला टेकून बसली होती. तोंडाशी धरलेलं फडकं काळंलाल झालं होतं. तिनं ते बाजूला केलं. नाकाचं हाड मधोमध मोडून एका गालाकडे गेलं होतं. डोळे सुजून बंद व्हायला आले होते.

“गोळी हवेतच सोडली,” ती म्हणाली. “हा बंदुकीचा दस्ता. शिळा हेलिकॉप्टरनं राजधानीला गेली म्हणून सांगितलं. माझ्याच चुलतभावाचा विश्वास बसेना.”

“तो खरंच चुलतभाऊ आहे?”

“दुर्दैवानं. काल किंमत सांगायला आला होता. मी हो-हो केलं, संध्याकाळचं बोलावलं आणि बिनतारी यंत्रावरून पोलीस मागवले. कोनाडा दुपारीच बंद करणार होते.” ती दमली, थांबली. “तुला सांगितलं नाही. तू पालीला घाबरतेस.”

“तू हसत होतीस. मला वाटलं, तू त्यांना सामील आहेस.”

“त्यांनाही तसंच वाटायला हवं होतं,” ती म्हणाली. मग आत वाकून पाहू लागली. “कुठे आहे? दाखव.”

“ओदीलिया, आधी तुला दवाखान्यात—”

“दाखव म्हणते ना.”

ती सरपटत आत आली. मी तिचा हात धरून शिळेखाली नेला. बराच वेळ ती पालथी पडून राहिली, गाल दगडाच्या पाठीला लावून, हात आत. तिची बोटं कुठून कुठे जात असतील ते मला ठाऊक होतं. नाकावरून, ओठांवर, पुन्हा नाकावर.

“तिचं शाबूत आहे,” ती म्हणाली. “झालं तर.”

आणि मग ती हमसून हमसून रडू लागली. रडताना नाक दुखायचं म्हणून मध्येच कळवळायची आणि पुन्हा रडायची.

पोलीस आले, वरातीमागून घोडं. चुलतभाऊ आजवर सापडलेला नाही. कप्पी आल्यावर आम्ही शिळा उठवली. सूनबाई उजेडात आली तेव्हा लिसांद्रोनं टोपी काढली. मी कॅमेरा घेऊन समोर उभी होते. ओदीलियाच्या चेहऱ्यावरची पट्टी नुकतीच निघाली होती. डॉक्टरांनी जमेल तेवढं केलं होतं, पण ते नाक पुन्हा सरळ झालं नाही. मला वाटलं ती समोर तोंड करून उभी राहील. ती गेली आणि शिळेशेजारी मान वळवून बाजूनं उभी राहिली, नेहमीसारखी.

“पाहा,” म्हणाली, “आता लोकांचा घोटाळा व्हायचा नाही. सरळ नाकाची ती राणी. काढ फोटो.”

मी काढला. तो एकच आहे आमच्याकडे. मी एका हातानं डोळे पुसत बटण दाबलं, म्हणून तो हललेला आलाय, आणि दोघींपैकी कुणाचंच नाक त्यात नीट दिसत नाही.